लोहाराची ऐरण आणि विजेची भट्टी
(पाली, जि. बीड येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



बिंदुसरेच्या तलावाकाठी वसलेल्या ह्या पाली गावी आपले वार्षिक संमेलन भरावे आणि त्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा मला व्हावी, हा मी माझा बहुमान समजतो. अशा प्रसंगी वक्त्याने समाजाच्या पूर्वपरंपरेचे गुणगान करावे, विवाहातील उधळपट्टीवर कोरडे ओढावेत आणि शिक्षणाचे महत्त्व सांगून रजा घ्यावी, असा प्रघात आहे. ते विषय महत्त्वाचे आहेत ह्यात शंका नाही. परंतु आज मी आपल्यापुढे जो विषय मांडणार आहे, तो ऐकून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडण्याचा संभव आहे. तो विषय म्हणजे भंगार. मोडलेले, गंजलेले, टाकून दिलेले लोखंड कोठे जाते, विजेच्या भट्टीत त्याचे पुन्हा पोलाद कसे होते, आणि लोहाराच्या घरी जन्मलेल्या आपणा सर्वांचा त्याच्याशी काय संबंध आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

गेली काही वर्षे मी एका पोलादाच्या कारखान्यात भंगार तपासण्याच्या कामावर आहे. म्हणून जे बोलेन ते डोळ्यांनी पाहिलेले आणि हातांनी चाचपलेले असेल, एवढे आश्वासन देतो.

प्रथम आपल्या जुन्या घरी डोकावून पाहू. बारा बलुत्यांत लोहार हा एक मुख्य बलुतेदार. नांगराचा फाळ, वखराची पास, गाडीच्या चाकाची धाव, विळा, खुरपे, कुऱ्हाड, विहिरीवरच्या मोटेचे कडे, ह्यांवाचून गावगाडा एक दिवसही चालला नसता. सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन आपले वाडवडील धान्याचा वाटा आणीत असत. परंतु एक गोष्ट आपल्या ध्यानात सहसा येत नाही. गावचा लोहार नवे लोखंड क्वचितच वापरीत असे. झिजलेल्या फाळाचे खुरपे होई, मोडक्या धावेतून कडी-कोयंडे निघत, आणि पुढे मालमोटारी आल्यावर त्यांच्या तुटलेल्या कमानपाट्यांतून कुऱ्हाडी व कोयते घडू लागले. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात तर कोयता हे केवळ हत्यार नव्हे. नवराबायकोच्या जोडीलाच मुकादम ‘एक कोयता’ म्हणून मोजतो. हे कोयते जुन्या पाट्यांतूनच निपजले. जुन्याचे नवे करण्याच्या ज्या विद्येला आज जगभर पुनर्चक्रीकरण हे भारदस्त नाव मिळाले आहे, ती विद्या आपल्या घरी पिढ्यान् पिढ्या भात्याच्या वाऱ्यावर चालत आली आहे.

ती आता चालत नाही, हेही स्पष्टपणे बोलले पाहिजे. ट्रॅक्टर आला आणि लाकडी नांगर मागे पडला. विजेचे पंप आले आणि मोट गेली. बैलगाडीला रबरी चाके लागली आणि धाव चढविण्याचे काम संपले. कारखान्यातील तयार अवजारे आठवडी बाजारात येऊन पडली. भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ हा 1965 चा चित्रपट आपल्यापैकी वडील मंडळींनी पाहिला असेल. गावातला लोहार आणि त्याची पत्नी पोटासाठी शहराची वाट धरतात, ती कहाणी पडद्यावर पाहताना आपल्या घरातल्या बायाबापड्यांचे डोळे ओले झाले, कारण ती आपलीच कहाणी होती.

माझ्या घरीही निराळे घडले नाही. वडील गेल्यानंतर आम्ही भावंडांनी पडवी मोकळी करावयाची म्हणून भाता मोडीत काढला आणि घण, सांडशी, छिन्न्या व ऐरण भंगारवाल्याच्या काट्यावर चढविली. दर खंडेनवमीला जिला हळदकुंकू वाहिले, ती ऐरण किलोच्या भावाने गेली. त्या दिवशी मला त्याचे विशेष काही वाटले नाही. पुढे कारखान्याच्या अंगणात भंगाराचे डोंगर पाहिले, तेव्हा प्रथम विचार मनात आला तो हा, की आपली ऐरण अशाच एखाद्या ढिगाऱ्यातून गेली असेल.

ती कोठे गेली असेल, ह्याचा मार्ग आता सांगतो. पालीसारख्या गावात डोक्यावर टोपली वा हातगाडी घेऊन फिरणारा फेरीवाला घरोघरचे मोडके लोखंड गोळा करतो. ते बीडच्या दुकानदाराकडे, तेथून मोठ्या व्यापाऱ्याकडे जाते, आणि मालमोटारीत भरून गेवराई, शहागड, अंबड ह्या वाटेने गोदावरी ओलांडून जालन्यास पोहोचते. जालना हे गाव संकरित बियाण्यांसाठी जसे प्रसिद्ध आहे, तसेच ते लोखंडी सळ्यांसाठीही प्रसिद्ध आहे. तेथील औद्योगिक वसाहतीत भंगार आणि स्पंज लोखंड वितळवून त्याच्या चौकोनी कांबी ओततात, त्यांना बिलेट म्हणतात; आणि त्या तापवून, लाटून घरबांधणीच्या सळ्या काढतात. मराठवाड्यात उभ्या राहणाऱ्या कित्येक घरांच्या खांबांत अशा सळ्या आहेत. आपल्या आजोबांचा फाळ आज कोणाच्या तरी छतात गेलेला असणे अगदी शक्य आहे.

आता ही विजेची भट्टी म्हणजे काय, ते थोडक्यात समजावून घेऊ. अशा भट्ट्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिली प्रज्योत भट्टी, जिला कारखान्यात आर्क फर्नेस म्हणतात. दुसरी प्रवर्तन भट्टी, म्हणजे इंडक्शन फर्नेस. जालन्यातील भट्ट्या बहुतांशी दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

प्रज्योत भट्टी ही अग्निविटांचे अस्तर असलेली एक प्रचंड कढई असते. झाकण बाजूस सारून तीत भंगार ओततात, झाकण पुन्हा बसवितात आणि त्यातील छिद्रांतून ग्रॅफाइटचे तीन जाडजूड दांडे खाली सोडतात. दांडा आणि भंगार ह्यांच्यामधून वीज झेपावू लागली की आकाशातल्या विजेसारखाच कडकडाट होतो. त्या ज्योतीचे तापमान 3000 अंश सेल्सिअसच्याही वर जाते. शुद्ध लोखंड 1538 अंशांना वितळते. तेव्हा त्या ज्योतीपुढे त्याचा काय पाड लागणार! अशा ग्रॅफाइटच्या दांड्यांचा एक कारखाना आपल्याच राज्यात, नाशिकच्या सातपूर वसाहतीत आहे. रस वितळल्यावर त्यावर चुना टाकतात, प्राणवायू फुंकतात, आणि लोखंडातील स्फुरदासारखी घाण मळीच्या रूपाने वर तरंगू लागली की ती काढून टाकतात. म्हणजे ही भट्टी लोखंड वितळवितेही आणि शुद्धही करते.

विल्यम सीमेन्स यांनी 1879 च्या सुमारास विजेच्या ज्योतीने धातू वितळवून दाखविला. परंतु पोलाद करण्याची व्यवहारोपयोगी भट्टी सिद्ध केली ती फ्रान्समधील पॉल एरू ह्या गृहस्थाने, 1900 च्या सुमारास, साव्हॉय प्रांतात. योगायोग असा, की त्याच प्रांतातील उजीन गावचे नाव धारण करणाऱ्या फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने 1962 मध्ये महिंद्र युजीन स्टील ही कंपनी स्थापन झाली, आणि तिचा मिश्र पोलादाचा कारखाना आपल्या महाराष्ट्रात खोपोली येथे उभा राहिला. त्याच खोपोलीत टाटांचे जलविद्युत् केंद्र 1915 पासून चालत आले होते. ठाण्याजवळ कळवे येथे मुकंद कंपनीच्या कारखान्यातही प्रज्योत भट्टीतून विशेष प्रतीचे पोलाद निघत आले आहे.

प्रवर्तन भट्टीचे तत्त्व वेगळे. मायकेल फॅरडे यांनी 1831 मध्ये जो प्रवर्तनाचा शोध लावला, त्यावर ती आधारलेली आहे. मुशीभोवती तांब्याच्या पोकळ नळीचे वेढे असतात. त्यातून थंड पाणी खेळते आणि नळीतून उलटसुलट प्रवाह वाहतो. त्यामुळे मुशीतील लोखंडातच प्रवाह उत्पन्न होऊन ते आतल्या आत तापते व वितळते. ज्योत नाही, ग्रॅफाइटचे दांडे नाहीत, भांडवलही तुलनेने कमी. म्हणून लहान व मध्यम कारखानदारांनी ती पसंत केली. परंतु तिची एक मर्यादा आहे. ती वितळविते उत्तम, शुद्ध मात्र फारसे करीत नाही. जे भंगार तीत घालावे, त्याचेच गुणदोष सळईत उतरतात. पेरावे तसे उगवते, हा शेतीचा न्याय ह्या भट्टीलाही लागू आहे, आणि माझ्या भाषणाचा सारा भर ह्याच मुद्द्यावर आहे.

भंगारापासून पोलाद करण्याचे लाभ मोठे आहेत. जागतिक पोलाद संघटनेच्या हिशेबाप्रमाणे 1 टन भंगार वापरले म्हणजे सुमारे 1.4 टन लोहखनिज, 740 किलो कोळसा आणि 120 किलो चुनखडी वाचते, व सुमारे 1.5 टन कर्बवायू हवेत जाण्याचे टळते. म्हणूनच केंद्र सरकारने 2019 मध्ये पोलादी भंगाराविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि 2021 मध्ये जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण आणले. 2018 पासून आपला देश पोलादाच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल दुसरा आहे. एवढ्या मोठ्या संसारात मोडीचा हिशेब ठेवणे हे शहाणपणाचेच होय.

परंतु फुकट काहीच मिळत नाही. एक टन पोलाद वितळविण्यास, भट्टीच्या प्रकाराप्रमाणे व भंगाराच्या प्रतीप्रमाणे, साधारणतः 400 ते 650 युनिट वीज लागते. ती वीज कोळशातून येत असेल, तर धूर आपल्या दारचा गेला आणि दुसऱ्याच्या दारी निघाला, एवढेच. आपल्या जिल्ह्यातील परळीचे औष्णिक केंद्र 2015 मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. आज बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. विजेची भट्टी किती निर्मळ, हे तिला मिळणाऱ्या विजेवरच ठरते.

आता लोहाराच्या खऱ्या विद्येकडे वळू. भंगार म्हणजे सारे एकच, ही समजूत चुकीची आहे. ओतीव बिडाचा तुकडा, मऊ लोखंडाचा गज, कमानपाट्याचे पोलाद आणि जस्त चढविलेला पत्रा ह्यांचे स्वभाव चार सख्ख्या भावांइतके भिन्न असतात. त्यात तांबे मिसळले तर मोठीच आपत्ती. विजेच्या मोटारीतील तांब्याची तार न सोडविता ती मोटार तशीच भट्टीत गेली, तर ते तांबे रसात विरघळते आणि चुना टाकून वा प्राणवायू फुंकून पुन्हा वेगळे निघत नाही. असे पोलाद लाल तापवून लाटू लागले की पृष्ठावर चिरफाळते. जस्ताचा पत्रा भट्टीत पडला की जस्ताची वाफ होऊन पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला तर माणसाला हुडहुडी भरून ताप येतो. ज्या बांधवांकडे अजून भट्टी आहे, त्यांनी जस्ताचा नळ तीत तापवू नये, ही विनंती जाता जाता करतो.

स्फुरद आणि गंधक ह्यांचेही तसेच. भारतीय मानकाप्रमाणे 500 ह्या श्रेणीच्या सळईत ह्या दोहोंचे प्रमाण प्रत्येकी शेकडा 0.055 हून अधिक असू नये, आणि ह्याच श्रेणीच्या ज्या सळईपुढे ‘डी’ हे अक्षर असते तीत शेकडा 0.040 हून अधिक असू नये. ह्या ‘डी’ सळईला अधिक ताण सोसता येतो. ती वाकते, परंतु सहसा एकदम तुटत नाही. हे आकडे कोणास रूक्ष वाटतील. परंतु 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला जमीन हादरली आणि दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे गाडली गेली, हे पाहिलेल्या मराठवाड्याला ते रूक्ष वाटू नयेत. त्यानंतर आपण सिमेंटची व सळ्यांची घरे बांधू लागलो. ती सळई ठिसूळ निघाली तर आपण कोणाच्या भरवशावर झोपणार?

आणि ह्या सळईत आपल्या घरची एक खूण आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. आपण जिला टीएमटी सळई म्हणतो, ती लाटून लालबुंद बाहेर पडताच तिच्यावर जोराने पाणी सोडतात. बाहेरचे कवच तात्काळ थंड होऊन कठीण बनते, गाभा मात्र तप्तच राहतो. मग गाभ्याची उष्णता बाहेर येऊन त्या कवचाचा ठिसूळपणा घालविते. ह्याला आपले वडील काय म्हणत? पाणी देणे. छिन्नीचे टोक तेवढे पाण्यात बुडवावे, वर काढून घासावे, मागची उष्णता पुढे येताना पिवळा, जांभळा, निळा असे रंग चढताना पाहावे आणि नेमक्या रंगावर ती पुन्हा पाण्यात घालावी. त्यांना तापमापक ठाऊक नव्हता. परंतु त्यांचा डोळा चुकत नसे. आपल्या शेजारच्या तेलंगणात, कोनासमुद्रम् येथे, मुशीत केलेले पोलाद एके काळी दमास्कसच्या तलवारींसाठी परदेशी जात असे, तेही अशाच निरक्षर म्हणविलेल्या कारागिरांच्या हातचे.

परंतु म्हणून विजेची भट्टी आपल्या पूर्वजांनीच शोधून काढली होती, असली फुशारकी आपण मारू नये. त्यांनी ती शोधली नव्हती. त्यांच्याजवळ हातांचे ज्ञान होते. ते का घडते, ह्याचे शास्त्र नव्हते, आणि ते मिळविण्याची संधी त्यांना कोणी दिली नव्हती. त्यांचा खरा मान राखावयाचा तर ते शास्त्र आपल्या मुलांनी मिळविले पाहिजे.

एका गंभीर गोष्टीविषयीही बोलले पाहिजे. भंगार हे निष्पाप दिसते, पण तसे नसते. तोंड बंद असलेली नळकांडी, गॅसची टाकी, आत पावसाचे पाणी साठलेला नळ, ह्यांपैकी काहीही तप्त रसात पडले तर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते. तिचे आकारमान पाण्याच्या सोळाशेपटींहून अधिक असते, आणि रस कारंज्यासारखा माणसांवर उडतो. 2024 च्या ऑगस्ट महिन्यात जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात भट्टीपाशी स्फोट होऊन अनेक कामगार होरपळले. 2010 च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात एका प्रयोगशाळेतून मोडीत निघालेल्या यंत्राबरोबर कोबाल्टचा किरणोत्सारी अंश आला. ते काय आहे हे न कळता ते फोडले गेले आणि त्या किरणांनी एक माणूस दगावला, आणखी काही आजारी पडले. भंगार निवडणारा माणूस सर्वांत कमी मजुरीचा आणि सर्वांत कमी शिकलेला असावा, ही आपल्या व्यवहारातील मोठी विसंगती आहे. भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्याच्या नजरेवर अवलंबून असतो.

बंधूंनो, आता मुख्य प्रश्नाकडे येतो. मी ह्या कामावर लागलो, तेव्हा आप्तांपैकी एका वडील गृहस्थांनी मला विचारले, “अरे, लोहाराचा मुलगा तू, ऐरणीची पूजा करणाऱ्या घराण्यात जन्मून भंगार चिवडीत बसतोस?” त्यांच्या वयाचा मान राखून मी त्या वेळी गप्प राहिलो. आज ह्या सभेत नम्रपणे उत्तर देतो. आपले पूर्वज जन्मभर भंगारच निवडीत होते. मोडक्या लोखंडावर हातोडी वाजवून त्याच्या नादावरून ते मऊ की कठीण हे सांगत, सहाणेवर धरून ठिणग्या पाहत, तुकडा मोडून आतला दाणा निरखीत. आमच्या कारखान्यात आज रासायनिक पृथक्करणाचे यंत्र आहे. ते काही क्षणांत सारे घटक आकड्यांत सांगते. परंतु यंत्रापुढे कोणता तुकडा ठेवावयाचा, हे मनुष्यालाच ठरवावे लागते. कमानपाट्याचा ढीग साध्या पत्र्यात मिसळलेला मी जेव्हा पाहतो, तेव्हा मला वडिलांची आठवण होते. त्यांनी तो पाटा कधीही पत्र्यात टाकला नसता.

जो फेरीवाला आपल्या दारी येतो, त्याला आपण उंबऱ्याबाहेर उभा करतो आणि दोन रुपयांसाठी त्याच्याशी हुज्जत घालतो. तो कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो. आपल्या वाडवडिलांच्या धंद्याचा अर्धा भाग आज तो चालवीत आहे. गावकुसाबाहेर पाल ठोकून राहणारे घिसाडी बांधव आणि घण मारणाऱ्या त्यांच्या स्त्रिया, ह्यांच्याकडेही आपण परकेपणाने पाहतो. ज्यांच्या हातांना तोच घट्टा आहे, त्यांना कमी लेखून आपला समाज मोठा होणार नाही.

तेव्हा करावे काय? तीन सूचना आपल्यापुढे ठेवतो.

पहिली सूचना, आपल्या संस्थेने बीडसारख्या ठिकाणी भंगार निवडण्याचे सहकारी तत्त्वावरील केंद्र काढण्याचा विचार करावा. न निवडलेले भंगार आणि बीड, पत्रा, पाटा, तांबे असे वेगवेगळे केलेले भंगार ह्यांच्या किमतीत फरक पडतो, आणि आज तो फरक मधल्या व्यापाऱ्याच्या पदरी पडतो. त्या केंद्रात फेरीवाल्यांनाही सभासद करून घ्यावे. चांगले पाटे प्रथम गावच्या भट्ट्यांना द्यावेत, उरलेले कारखान्यास पाठवावेत. अडचणी येतील हे मी जाणतो. जागा, भांडवल आणि त्याहून दुर्मीळ असा परस्पर विश्वास ह्यांची जुळणी करावी लागेल. परंतु वसतिगृहासाठी वर्गणी काढणाऱ्या समाजाला हे अशक्य नाही.

दुसरी सूचना शिक्षणाची आहे, पण ती नेमकी आहे. मुलाने कोणतीही पदवी घ्यावी, मग नोकरी शोधावी, एवढ्यावर थांबू नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत संधाता, जोडारी, ओतारी ही कामे शिकवितात; पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, जे आता तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले आहे, आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत धातुशास्त्राची पदवी मिळते. आपल्या शिष्यवृत्त्यांपैकी निदान एक दरवर्षी धातुशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावी, आणि ती मुलींनाही तितकीच खुली असावी. आपल्या आयांनी भाता ओढला आहे आणि घणही मारला आहे. लोखंड हे बायकांचे काम नव्हे, असे निदान आपल्या घरी तरी कोणी म्हणू नये.

तिसरी सूचना ज्यांची भट्टी अजून पेटते त्यांच्यासाठी. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसायांत लोहारकामाचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य, आणि सवलतीच्या व्याजाने प्रथम 1 लाखाचे व पुढे 2 लाखांचे कर्ज अशी तरतूद आहे. कागदपत्रांच्या भीतीने आपली वृद्ध मंडळी अर्जच करीत नाहीत. संमेलन संपल्यावर तरुणांनी आपापल्या गावच्या अशा एका घरी जाऊन अर्ज भरून दिला, तरी आजचा दिवस सार्थकी लागेल. आणि तो अर्ज भरीत असताना त्या वृद्धास आणखी एक विचारावे: तुम्ही पाणी कसे देता? कोणत्या रंगावर? तो सांगेल ते वहीत उतरून घ्यावे.

कारण, मंडळी, माझ्या वडिलांची ऐरण गेली ह्याचे दुःख मी आता फारसे करीत नाही. तिचे लोखंड नाहीसे झालेले नाही. ते वितळले आणि कोठेतरी कोणाच्या तरी उपयोगी पडत असेल. लोखंड पुन्हा लोखंड होते. परंतु वडील छिन्नीला पाणी देताना नेमका कोणता रंग येण्याची वाट पाहत, हे मी त्यांना कधी विचारले नाही. मी शाळेत जात होतो, परीक्षेचा अभ्यास करीत होतो, आणि पडवीतल्या कामाची मला थोडी लाजही वाटत असे. ते गेले आणि ते उत्तर त्यांच्याबरोबर गेले. पुस्तकात मला तापमानाचे आकडे मिळाले, रंगांचे कोष्टकही मिळाले. त्यांच्या हाताचा अंदाज मात्र मिळाला नाही.

आपल्यापैकी ज्यांचे वडील, आजोबा, चुलते अजून हयात आहेत आणि ज्यांच्या पडवीत ऐरण अजून आहे, त्यांनी घरी गेल्यावर हा प्रश्न विचारावा, एवढीच माझी प्रार्थना आहे. पुढील संमेलनात ह्याच व्यासपीठावरून एखाद्या मुलाने वा मुलीने उभे राहून त्याचे उत्तर सांगितले, तर मला झालेला आनंद मी लपवू शकणार नाही.